हरवलेले कागद : अमेरिकेतील बंदूक कायदे आणि दोन पुस्तके

अमेरिकेत बंदूक बाळगण्याच्या हक्काची बाजू मांडणाऱ्या लिखाणात महात्मा गांधींचे नाव वारंवार भेटते. आपल्याला याचे आश्चर्य वाटते. तिकडे मात्र तो घासून गुळगुळीत झालेला दाखला आहे. लोकांच्या हातातली शस्त्रे काढून घेणाऱ्या कायद्याची गणना गांधींनी ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत वाईट कृत्यांत केली होती, एवढेच तिथे सांगितले जाते. दाखला खोटा नाही. गांधींच्या आत्मकथेत तो मजकूर आहे. पण तो मुळात १९१८ साली खेडा जिल्ह्यात काढलेल्या पत्रकातला आहे आणि ते पत्रक होते सैन्यभरतीचे. पहिले महायुद्ध चालू होते. सरकारला अडचणीच्या वेळी मदत करा, फौजेत जा, शस्त्र चालवायला शिका, म्हणजे हा कायदा रद्द करून घेण्याची संधी मिळेल, असा त्यातला युक्तिवाद होता. ज्या कायद्याबद्दल ही तक्रार होती तो लॉर्ड लिटनच्या काळातला, १८७८चा. युरोपियनांना सूट आणि हिंदी माणसाला परवाना, हे त्यातले मुख्य शल्य. शहरातल्या लूटमारीशी किंवा खुनांच्या संख्येशी त्या वाक्याचा काडीचा संबंध नव्हता.

वाक्य खरे, पण त्याच्या भोवतालचा कागद फाडून टाकलेला. बंदूक कायद्यांमुळे गुन्हे कमी होतात की नाही, या अमेरिकी वादात आकड्यांची गतही अनेकदा अशीच झाली आहे. या वादातली दोन गाजलेली पुस्तके मला इथे शेजारी शेजारी ठेवून तपासायची आहेत. एक बंदुकीच्या बाजूचे, दुसरे विरोधातले. त्यांपैकी दुसऱ्या पुस्तकाचा एक आकडा मी स्वतः २००१ साली एका दिवाळी अंकातल्या लेखात वापरला होता. मूळ पुस्तक न वाचता, एका इंग्रजी वृत्तपत्रातल्या परीक्षणावरून उचलला होता. तो चुकीचा होता. त्याची कबुली इतकी वर्षे द्यायची राहिली, हेही या लेखाचे एक कारण आहे.

ते दुसरे पुस्तक म्हणजे मायकेल बेलील यांचे ‘आर्मिंग अमेरिका’. २००० साली प्रसिद्ध झाले. बेलील अटलांटाच्या एमरी विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते. त्यांचे प्रतिपादन कोणालाही खिळवून ठेवील असे होते. अमेरिकन माणूस पहिल्यापासून बंदूकधारी होता हे मिथक आहे. वसाहतीच्या काळात फार थोड्या घरांत बंदूक होती. बंदुकीची संस्कृती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, कारखाने आणि यादवी युद्ध यांच्यासोबत आली. पुराव्यात प्रवासवर्णने होती, सरकारी कागद होते. पण सगळा डोलारा उभा होता तो मृत माणसांच्या चीजवस्तूंच्या याद्यांवर. माणूस मेला की वारसा वाटण्यासाठी न्यायालयापुढे त्याच्या मालमत्तेची यादी होत असे. १७६५ ते १७९० या काळातल्या, सरहद्दीवरच्या प्रदेशांतल्या हजारांहून अधिक याद्या आपण पाहिल्या, त्यांतल्या फक्त १४ टक्के याद्यांत बंदूक आढळली आणि त्या बंदुकांपैकीही ५३ टक्के मोडक्या किंवा सदोष होत्या, असे बेलील यांनी लिहिले. मी वापरलेला आकडा हाच, १४ टक्के.

या आकड्याला मोल का होते, ते समजून घ्यायला हवे. अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ची. शस्त्र बाळगण्याचा तिच्यातला हक्क प्रत्येक व्यक्तीचा की नागरी सेनादलापुरता, हा वाद तेव्हा पेटलेला होता. त्या काळी घरोघरी बंदुका नव्हत्याच असे सिद्ध झाले, तर घटनाकारांच्या मनात व्यक्तीचा हक्क नसावा या म्हणण्याला बळ मिळत होते. पुस्तकाला २००१चे बॅनक्रॉफ्ट पारितोषिक मिळाले. अमेरिकी इतिहासलेखनात त्याहून मोठा मान क्वचितच असेल.

पहिली शंका काढली ती क्लेटन क्रेमर यांनी. क्रेमर विद्यापीठात नोकरीला नव्हते. संगणकाचे सॉफ्टवेअर लिहिणे हा त्यांचा व्यवसाय. शिवाय ते बंदूक हक्काचे उघड समर्थक. त्यामुळे त्यांचे म्हणणे सुरुवातीला कोणी मनावर घेतले नाही. बेलील यांनी उद्धृत केलेली प्रवासवर्णने क्रेमर एकेक करून मुळातून वाचत गेले आणि पुस्तकातला अर्थ मुळात सापडेना. १७९२च्या सेनादल कायद्याचे उदाहरण बोलके आहे. मूळ कायद्यात नागरिकाने स्वतःच्या खर्चाने बंदूक आणावी असे होते. पुस्तकातल्या अवतरणातून ती त्याला पुरवली जावी असा अर्थ निघत होता. स्वतःची बंदूक आण असे सरकार म्हणते, तेव्हा ती मिळण्यासारखी असते असे सरकारने गृहीत धरलेले असते. शब्द जरासा हलला की पुरावा पार दुसऱ्या पारड्यात जातो.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक जेम्स लिंडग्रेन यांनी मग याद्यांकडे मोर्चा वळवला. १७७४ सालच्या याद्यांचा एक संग्रह ॲलिस हॅन्सन जोन्स या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी फार पूर्वीच छापून ठेवला होता. लिंडग्रेन आणि त्यांच्या सहलेखकाने तो मोजला. ५४ टक्के याद्यांत बंदूक. रोख रक्कम ३० टक्क्यांत, बायबल २५ टक्क्यांत. इतर संग्रहांतही बंदुकीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा वरच भरले. प्रॉव्हिडन्स गावच्या याद्यांत तर बेलील यांनी स्त्रियांच्या मालमत्ता पुरुषांच्या म्हणून धरल्या होत्या.

त्या तक्त्यातली आणखी एक ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटते. कपड्यांची नोंद ७९ टक्के याद्यांत आहे. म्हणजे दर पाच मृतांमागे एकाच्या घरात कपडा म्हणून नव्हता? तसे नसणारच. यादी करणारा माणूस सगळे लिहीत नव्हता. काही वस्तू आधीच मुलाबाळांत वाटल्या गेल्या असतील, काही किरकोळ म्हणून सुटल्या असतील. आपल्याकडे वाटणीच्या वेळी केलेली भांड्यांची यादी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. तेव्हा ५४ टक्के हाही घराघरांतल्या बंदुकांचा आकडा नव्हे. तो यादीतल्या बंदुकांचा आकडा आहे. बेलील यांचा आकडा खरा निघाला असता तरी त्यातून त्यांचा निष्कर्ष निघाला नसता, ही गोष्ट त्या गदारोळात बरीच बाजूला पडली.

पुढची हकिगत प्रसिद्ध आहे. मूळ टिपणे मागितल्यावर बेलील म्हणाले, आपण पिवळ्या कागदांच्या वह्यांवर पेन्सिलीने खुणा करून मोजणी केली होती आणि २००० साली विभागाच्या इमारतीत पाणी शिरले त्यात त्या गेल्या. पाणी खरोखरच शिरले होते. पण ज्या सॅन फ्रान्सिस्कोच्या याद्या पाहिल्याचे त्यांनी लिहिले, त्या १९०६च्या भूकंपात आणि आगीत नष्ट झालेल्या होत्या. विद्यापीठाने बाहेरच्या तीन नामवंत अभ्यासकांची समिती नेमली. तिने त्यांच्या सचोटीवरच प्रश्नचिन्ह लावले. ऑक्टोबर २००२ मध्ये बेलील यांनी राजीनामा जाहीर केला, डिसेंबरात कोलंबिया विद्यापीठाने पारितोषिक परत घेतले.

आता दुसरी बाजू. जॉन लॉट हे अर्थशास्त्रज्ञ. ‘मोअर गन्स, लेस क्राइम’ हे त्यांचे पुस्तक १९९८ साली शिकागो विद्यापीठाने काढले. त्याचा गाभा आदल्या वर्षी डेव्हिड मस्टर्ड यांच्यासह लिहिलेल्या शोधनिबंधात होता. १९७७ ते १९९२ या काळातली देशभरातल्या तीन हजारांवर काउंट्यांची गुन्ह्यांची आकडेवारी घेऊन त्यांनी तपासले, की सामान्य नागरिकाला अंगावर लपवून पिस्तूल बाळगण्याची मुभा देणारा कायदा राज्यात आला की पुढे काय होते. निष्कर्ष असा, की हिंसक गुन्हे कमी होतात. ज्या राज्यांत असा कायदा नव्हता त्यांनी तो १९९२ मध्ये केला असता, तर वर्षाला सुमारे १,५७० खून, ४,१७७ बलात्कार आणि ६० हजारांवर गंभीर हल्ले टळले असते. कारण सरळ सांगितले होते. समोरच्याच्या खिशात पिस्तूल असेल की नसेल हे न कळल्यामुळे गुन्हेगार कचरतो.

इतक्या नेमक्या आकड्यांनी माणूस दबतो. मीही दबलो होतो. मला गणिताचे रीतसर शिक्षण नाही; अशा निबंधांतले तक्ते वाचायला मी चाळिशीत, जुन्या पुस्तकांवरून शिकलो. त्या शिकण्यात एक साधी सवय लागली. प्रत्येक निष्कर्षाला विचारायचे, की यातला एक तुकडा काढून घेतला तर बाकीचे उभे राहते का? ब्लॅक आणि नेगिन या दोघांनी १९९८ मध्येच लॉट यांच्या आकडेवारीवर नेमके हेच केले. एकटे फ्लोरिडा राज्य वगळले आणि खून व बलात्कार यांच्यावरचा परिणाम दिसेनासा झाला. फ्लोरिडात १९८० साली क्यूबातून मोठे स्थलांतर झाले होते, मायामीत अमली पदार्थांचा धंदा भरात होता. तिथला खुनांचा आलेख कायद्याआधीच आडवातिडवा हलत होता. पुढे एअर्स आणि डोनह्यू यांनी दाखवले, की १९९२ नंतरची वर्षे जोडली तर चित्र बदलते. १९८०च्या दशकाच्या शेवटी क्रॅक कोकेनने मोठ्या शहरांत खून वाढले. त्या शहरांची राज्ये बहुधा पिस्तुलाची मुभा न देणारी. म्हणजे मुभा देणारी राज्ये सुधारली नव्हती. शेजारची बिघडली होती.

राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४च्या अहवालात सांगितले, की अशा कायद्यांनी गुन्हे घटतात किंवा वाढतात असे म्हणायला उपलब्ध पुरावा पुरेसा नाही. समितीतल्या जेम्स विल्सन यांनी खुनांच्या बाबतीत वेगळे मत नोंदवले, तेही सांगायला हवे. डोनह्यू आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अधिक वर्षांची आकडेवारी घेऊन काढलेला निष्कर्ष लॉट यांच्या अगदी उलट आहे. मुभा दिल्यानंतर दहा वर्षांनी त्या राज्यांत हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्के जास्त आढळले.

हरवलेले कागद लॉट यांच्या बाजूलाही आहेत. बंदुकीने स्वसंरक्षण करणाऱ्यांना ९८ टक्के वेळा ती नुसती दाखवावी लागते, हा त्यांचा आकडा. पहिल्या आवृत्तीत तो ‘राष्ट्रीय पाहण्यां’च्या नावावर होता, पुढच्या आवृत्तीत ती लेखकाची स्वतःची, १९९७ची पाहणी झाली. तिची माहिती मागितल्यावर उत्तर आले, की संगणकाची हार्ड डिस्क बिघडली त्यात सगळे गेले. डिस्क बिघडल्याला सहकाऱ्यांनी दुजोरा दिला, आपल्याला त्या पाहणीत प्रश्न विचारले होते असे सांगणारा एक माणूसही पुढे आला. पण कागद एकही निघाला नाही. याही प्रकरणाची चौकशी केली ती त्याच लिंडग्रेन यांनी. २००३ मध्ये तर लॉट यांनी कबूल केले, की ‘मेरी रॉश’ या बाईच्या नावाने इंटरनेटवर आपलीच तरफदारी आपण करत होतो. एकीकडे पाण्यात गेलेल्या वह्या, दुसरीकडे बिघडलेली डिस्क. कादंबरीत घातले असते तर संपादकाने खोडले असते.

तरी दोघांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. लॉट यांनी काउंट्यांची मुख्य आकडेवारी मागेल त्याला दिली, विरोधकांनाही. म्हणूनच फ्लोरिडा वगळून पाहता आले. त्यांचा निष्कर्ष खोडला गेला तो त्यांनीच दिलेल्या आकड्यांवर. बेलील यांच्या बाबतीत मूळ मोजणी कधीच कोणाच्या हाती आली नाही. माझ्या सहानुभूती बंदुकीवर नियंत्रण असावे या बाजूला आहेत आणि म्हणूनच हे स्पष्ट लिहितो, की संशोधन म्हणून या दोहोंत अधिक सभ्य व्यवहार लॉट यांचा होता.

ही दोन पुस्तके पडली म्हणून मूळ प्रश्न सुटत नाही. तो प्रश्नच थोडा वाकडा विचारला जातो असे मला वाटते. झिमरिंग आणि हॉकिन्स यांनी १९९७च्या पुस्तकात लंडन आणि न्यूयॉर्क यांची तुलना केली आहे. चोऱ्या-घरफोड्या लंडनमध्ये जास्तच होत्या. पण त्यांत माणूस मरण्याचे प्रमाण न्यूयॉर्कमध्ये कित्येक पट होते. अमेरिकेचे वेगळेपण गुन्ह्यांत नाही, गुन्ह्यातून होणाऱ्या मृत्यूंत आहे. मग कायद्याने ‘गुन्हे’ कमी झाले का, असे विचारून उत्तर धूसर येणारच. शिवाय २०२१ साली तिथे बंदुकीने मेलेल्या ४८,८३० माणसांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून अधिक मृत्यू गुन्ह्यांच्या तक्त्यात बसतच नाहीत. दुकानदाराकडून बंदूक घेणाऱ्याची पूर्वतपासणी देशभर सक्तीची करणारा ब्रॅडी कायदा १९९४ मध्ये लागू झाला. लुडविग आणि कुक यांना २००० साली त्याचा खुनांवर परिणाम सापडला नाही. ५५ वर्षांवरच्या माणसांच्या बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या मात्र घटलेल्या आढळल्या.

दुसरा वाकडेपणा असा, की ‘बंदूक कायदा’ हे एका वस्तूचे नाव नाही. कनेक्टिकट राज्याने १९९५ मध्ये पिस्तूल विकत घेण्याआधी परवाना काढणे सक्तीचे केले. त्यासाठी प्रशिक्षण घ्यायचे, बोटांचे ठसे द्यायचे, स्थानिक पोलिसांपुढे जायचे. मिझुरीत असाच परवाना काउंटीच्या शेरीफकडून घ्यावा लागे. तो नियम २००७ मध्ये रद्द झाला. एकीकडे नियम आला, दुसरीकडे गेला. अभ्यासकाला याहून चांगली जोडी मिळणे कठीण. पहिल्या दहा वर्षांत कनेक्टिकटमध्ये बंदुकीचे खून अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी राहिले, असा २०१५चा निष्कर्ष; मिझुरीत ते सुमारे पाव पटीने वाढले, असा २०१४चा. आक्षेप लगेच आला, की तुलनेसाठी बनवलेले ‘काल्पनिक कनेक्टिकट’ बहुतांशी शेजारच्या ऱ्होड आयलंडवर बेतलेले आहे आणि २००५लाच हिशेब का थांबवला? आक्षेप वाजवी होता. पुढे २०१७पर्यंतची वर्षे घेऊन केलेल्या अभ्यासात कनेक्टिकटचा आकडा ४० वरून सुमारे २८ टक्क्यांवर उतरला आणि मिझुरीतली वाढ सुमारे ४७ टक्क्यांवर गेली. मिझुरीचा वाढीव आकडा मी जपून घेतो. २०१४ नंतर फर्ग्युसनच्या दंगलींपाठोपाठ सेंट लुइस परिसरात खून वाढले, त्यातला किती वाटा परवाना जाण्याचा हे वेगळे काढणे अवघड आहे. कनेक्टिकटचा उतरलेला २८ मला आधीच्या ४० पेक्षा भरवशाचा वाटतो, कारण तो आक्षेप सोसून उरला आहे.

कॅलिफोर्नियाने १९९१ मध्ये खासगी विक्रीसह प्रत्येक विक्रीला पूर्वतपासणी लावली, परवाना नाही. दहा वर्षांत बंदुकीच्या खुनांत फरक दिसला नाही. तपासणी तीच, मग अंतर कशात? माझ्या मते विकत घेणाऱ्याने कोणासमोर उभे राहायचे, यात. दुकानात दुसऱ्यासाठी बंदूक उचलणारा मित्र किंवा मैत्रीण फॉर्म भरून मोकळी होते; पोलीस ठाण्यात ठसे द्यायचे म्हटले की तीच व्यक्ती मागे सरते. मिझुरीतला एक तपशील याला धरून आहे. गुन्ह्यांत पकडलेल्या बंदुकांपैकी राज्यातच विकत घेतलेल्यांचे प्रमाण २००६ मध्ये सुमारे ५६ टक्के होते, परवाना गेल्यावर २०१२पर्यंत ते सुमारे ७२ टक्के झाले. आधी चोरवाटेने शेजारच्या राज्यांतून येणारा माल घरचाच मिळू लागला.

हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा आणू नये. आपल्याकडे १९५९च्या कायद्याने परवान्याआधी पोलीस ठाण्याचा अहवाल लागतोच. खुनांत वापरली जाणारी शस्त्रे बहुतांशी विनापरवाना आणि त्यांतला गावठी कट्टा लोहाराच्या भट्टीवर जन्मतो. दुकानाच्या काउंटरवरून तो कधी गेलेलाच नसतो. अमेरिकेतली बेकायदा बंदूक मात्र बहुधा कायदेशीर विक्रीतून सुरू होते. म्हणून तिथे विक्रीच्या उंबरठ्यावर काही करता येते.

मात्र तिथल्या न्यायालयात या आकड्यांना आता जागा उरलेली नाही. २०२२च्या ब्रुएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की बंदुकीवरचा निर्बंध लोकांचे प्राण वाचवतो का हे तोलायचे नाही. तो देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो का, एवढेच पाहायचे. २०२४च्या रहिमी खटल्यात घरच्यांना मारहाणीच्या धोक्यावरून मनाई हुकूम झालेल्या माणसाकडे बंदूक असू नये हा नियम आठ विरुद्ध एक मताने टिकला, तोही जुन्या काळच्या नियमांशी साम्य दाखवून. कनेक्टिकटचा २८ टक्क्यांचा आकडा या कसोटीत कुठेच बसत नाही. बसतात ते १७९१च्या आसपासचे कायदे, जुनी दप्तरे आणि याद्या. दोन्हीकडचे वकील आणि त्यांनी नेमलेले इतिहासकार पुन्हा तेच अभिलेख उघडून बसले आहेत. माझ्या २००१च्या लेखातला १४ टक्क्यांचा आकडा कोणाच्या संग्रहात अजून असेल तर तो खोडावा. त्या जागी ५४ लिहिताना शेजारी कपड्यांचे ७९ही लिहून ठेवावेत.